ऑक्टेव्हिया बटलरची 'किंड्रेड': भूतकाळात जाऊन नेमकं कुणाला वाचवायचं?

उंबरठा

कालप्रवासाची गोष्ट म्हटली की एक ठरलेला साचा डोळ्यांसमोर येतो. एखादं यंत्र असतं, नाहीतर बोगदा. नायक मागे जातो, कुणाला तरी मारतो किंवा वाचवतो, आणि परत येऊन बघतो तर सगळं जगच बदललेलं. 'किंड्रेड' या कादंबरीत असलं काही नाही. नायिकेला, डेनाला, घेरी येते आणि ती जाते. का जाते, कशी जाते, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि दहाएक पानांनंतर आपल्याला त्याचं काही वाटेनासंही होतं.

(पुस्तक १९७९ चं आहे, त्यामुळे पुढे सगळं उघड करून लिहिलंय. डेनाचा डावा हात जाणार हे तर लेखिकेनेच सुरुवातीला सांगून टाकलंय. तरी ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं.)

९ जून १९७६. डेनाचा सव्विसावा वाढदिवस. ती कृष्णवर्णीय, नवरा केव्हिन गोरा, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. दोघंही लेखक. कॅलिफोर्नियात अल्टाडिनाला नुकतंच घर घेतलंय, खोकी अजून उघडायची आहेत. पुस्तकं लावता लावता ती अचानक एका नदीकाठी पोचते. लाल केसांचा एक गोरा पोरगा बुडत असतो. ती त्याला ओढून काढते, तोंडाने श्वास देते, पोरगा वाचतो. पोराची आई आभार मानायचं सोडून तिलाच बुक्क्या मारते आणि बाप येऊन तिच्या तोंडासमोर बंदूक धरतो. आता मेलोच, असं वाटतं त्या क्षणी ती परत आपल्या घरात, चिखलाने माखलेली. केव्हिनच्या लेखी जेमतेम काही सेकंद गेलेले.

पोराचं नाव रूफस वेलिन. बापाचा मळा मेरीलँड राज्यात, ईस्टन गावाजवळ. दुसऱ्या खेपेला तिला कळतं की साल १८१५ आहे. त्याच खेपेला तिच्या लक्षात येतं की घरातल्या जुन्या बायबलात पूर्वजांची नावं लिहिलेली आहेत, त्यात रूफस वेलिन आणि अ‍ॅलिस ग्रीनवूड ही दोन आहेत, आणि त्यांची मुलगी हेगर ही आपली थेट पूर्वज. रूफस गोरा होता हे मात्र घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

इथून पुढे नियम सोपा. रूफसचा जीव धोक्यात आला की डेना खेचली जाते. डेनाला स्वतःच्या मरणाची खरीखुरी भीती वाटली की ती परत येते. इकडे अल्टाडिनात ९ जून ते ४ जुलै, एवढाच सगळा काळ. तिकडे तो पोरगा वाढून मळ्याचा मालक होतो.

आता यातली गोची बघा. हेगर जन्मायची तर रूफस जगला पाहिजे. पण अ‍ॅलिसला रूफस नको आहे. तिने आयझॅक नावाच्या गुलामाशी लग्न केलंय. रूफसला ती 'आवडते', आणि त्या काळात, त्याच्या हातात जी सत्ता आहे तिच्यासह, त्या आवडण्याचा शेवट एकाच ठिकाणी होतो. म्हणजे डेना ज्याला पुन्हा पुन्हा मरणातून ओढून काढते, त्याने तिच्या खापरपणजीच्या आईवर बळजबरी करणं हीच डेनाच्या अस्तित्वाची अट आहे. पूर्वजाला मारलं तर काय, हे कोडं आपण शंभरदा वाचलंय. इथे त्याला जगवायचं आहे, आणि तो काय करणार हे माहीत असताना जगवायचं आहे.

माझ्या मते पुस्तकाचं मर्म चौथ्या भागातल्या एका प्रसंगात आहे. अ‍ॅलिस पळून जाताना पकडली गेलीय, कुत्र्यांनी फाडलीय, डेनाने महिनाभर शुश्रूषा करून तिला उभी केलीय. आणि रूफस डेनाला सांगतो, तूच तिला समजाव. ती आपणहून आली तर ठीक, नाहीतर मी तिला फोडून काढीन. हा निरोप घेऊन डेना अ‍ॅलिसकडे जाते. ती तिला 'जा' म्हणत नाही, 'जाऊ नको'ही म्हणत नाही. तीन वाटा समोर मांडते: जा, मार खा, नाहीतर पुन्हा पळ. ती हे सगळं सभ्यपणे, अ‍ॅलिसच्या काळजीने करते. आणि आपण वाचक तिच्याबरोबर हिशोब मांडत बसतो की हेगर अजून जन्मली नाहीये! हे लक्षात आल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं.

दुसरी गोष्ट सवयीची. डेना आणि केव्हिन मळ्यावर राहतात तेव्हा सुरुवातीला दोघंही बाहेरून आलेल्या माणसांसारखे बघत असतात. गुलामांची पोरं झाडाच्या बुंध्यावर उभं राहून लिलावाचा खेळ खेळतायत, एकमेकांच्या किमती ठरवतायत. डेनाला ते बघवत नाही. केव्हिन म्हणतो, पोरं आहेत, जे दिसतं ते खेळणार. पुढे तोच म्हणतो की हा काळ राहायला किती छान असेल, पश्चिमेकडे जाऊन देश उभा राहताना बघता येईल. वाईट माणूस नाहीये हो तो. पण त्याला त्या काळात जागा आहे, तिला नाही, आणि एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांत हे अंतर असतं. स्वयंपाकघरातली सारा, जिची तीन पोरं विकून मालकिणीने घरात नवं सामान आणलं आणि जिच्याकडे फक्त मुकी कॅरी उरलीय, तिच्याकडे डेना आधी 'ही तर मालकांची लाडकी, लाचार' अशा नजरेने बघते. नंतर स्वतः चाबूक खाल्ल्यावर, पळून जायचा प्रयत्न करून अवघ्या काही तासांत पकडली गेल्यावर, त्या नजरेतला फुकटचा ताठा तिला कळतो.

तक्रारीही आहेत. भाषा अगदी कोरडी, जवळजवळ अहवालासारखी. ज्यांना वाक्यावर थांबून दाद द्यायला आवडतं त्यांना उपाशी वाटेल. मालकीण मार्गारेट पूर्वार्धात नुसती किंचाळणारी बाई आहे. आणि शेवटचा भाग मला जरा घाईचा वाटला.

कुणी वाचलीय का? रूफसबद्दल काय वाटलं ते विशेष ऐकायला आवडेल.

---

तर्कटपंजी

छान लिहिलंय, पण मूळ डोलाराच डळमळीत आहे त्याचं काय? डेना १९७६ साली जिवंत आहे, म्हणजे हेगर जन्मली होती. झालेली गोष्ट झालेली आहे. मग ती रूफसला वाचवो न वाचवो, हेगर होणारच. ती जी काळजी करते ती निराधार आहे, आणि सगळा ताण त्या काळजीवर उभा आहे. आणि जर भूतकाळ बदलता येत असेल तर तिने मळ्यावरच्या इतरांसाठी काही का केलं नाही? लेखिकेला दोन्हीकडून फायदा हवाय.

---

उंबरठा

@तर्कटपंजी, हा प्रश्न डेनालाच पडतो. ती स्वतःशी म्हणते की मी नसते तर कदाचित दुसऱ्या कुणी त्याला वाचवलं असतं. पण पणाला स्वतःचा जन्म लागलेला असताना हे ताडून बघायची हिंमत होत नाही. तुमची झाली असती का?

आणि एक बघा. पाचव्या भागात हेगर जन्मते. अट संपली. आता डेना मोकळी. तरी ती रूफसला मारत नाही. मग आधी जे सहन केलं ते खरंच हेगरसाठी होतं, की निमित्त होतं? ताण तिथून पुढे वाढतो, कमी होत नाही.

बटलरबाई स्वतः याला विज्ञानकथा म्हणतच नसत, कारण यात विज्ञानच नाही. अद्भुतिका म्हणत, तीही भीषण प्रकारातली. त्यामुळे यंत्राचा जमाखर्च मागण्यात अर्थ नाही.

---

तर्कटपंजी

जमाखर्च यंत्राचा नाही, कारणांचा मागतोय. पण हेगर जन्मल्यानंतरचा मुद्दा चांगला आहे. तेवढा मान्य.

---

पैलतीर

मी ही वाचून बरीच वर्षं झाली, पण त्या वेळी सोबत अमेरिकन गुलामगिरीचा इतिहास वाचत होतो म्हणून काही गोष्टी लक्षात आहेत. धाग्यात भर घालतो.

कादंबरीत अ‍ॅलिस जन्माने स्वतंत्र आहे. तिचा बाप गुलाम, आई स्वतंत्र. मूल आईच्या दर्जाचं, हा कायदा व्हर्जिनियाने १६६२ साली केला आणि हळूहळू बाकीच्या वसाहतींतही तोच रूढ झाला. या एका कलमाने काय साधलं बघा: मालकाला गुलाम बाईपासून मूल झालं तर ते आपोआप गुलाम, म्हणजे मालकाचीच मालमत्ता वाढली. बाप म्हणून जबाबदारी शून्य. उंबरठा यांनी लिहिलेली गोची या कायद्यात बसवून वाचली की आणखी काळी होते. अ‍ॅलिसने पळणाऱ्या आयझॅकला मदत केली म्हणून तिचं स्वातंत्र्य गेलं, रूफसने तिला विकत घेतलं, आणि म्हणून हेगर जन्मतःच बापाच्या मालकीची.

दुसरं, कादंबरीत सतत 'दक्षिणेला विकून टाकीन' ही धमकी येते. अमेरिकेने १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी केली. त्याच सुमारास खोल दक्षिणेत कापसाची लागवड भडकली होती. बाहेरून माणसं येईनात, मग देशातल्या देशात व्यापार वाढला. मेरीलँड, व्हर्जिनियात तंबाखूने जमिनी थकलेल्या, माणसं जास्त, म्हणून तिथले मालक मिसिसिपी, लुइझियाना, जॉर्जियाकडे माणसं विकू लागले. तिकडे गेलेला माणूस घरच्यांना पुन्हा दिसत नसे. आयझॅकचे कान कापून त्याला मिसिसिपीला विकलं जातं, आणि तो पुस्तकातून जातो तो जातोच. सॅम नावाचा शेतावरचा गडी तर डेनाशी दोन शब्द हसून बोलला, एवढ्या अपराधाला विकला जातो. कुठल्याही साखळदंडापेक्षा या विक्रीच्या भीतीने माणसं जागच्या जागी राहत. साराला एवढी एकच पोर उरलीय, ती कशाला पळेल?

मेरीलँडची निवडही विचारपूर्वक आहे. मुक्त राज्य असलेल्या पेनसिल्व्हेनियाची हद्द तिथून तशी जवळ. सुटका डोळ्यांपुढे दिसावी आणि हाती लागू नये, असं ठिकाण. शिवाय ईस्टन हे टॅल्बट काउंटीत येतं. गुलामगिरीविरोधी चळवळीचा पुढे मोठा नेता झालेला फ्रेडरिक डग्लस त्याच काउंटीत १८१८ साली गुलाम म्हणून जन्मला आणि १८३८ मध्ये बाल्टिमोरहून निसटला. शेजारच्या डॉर्चेस्टर काउंटीत हॅरिएट टबमन, जिने पुढे कित्येक गुलामांना पळून जायला वाट दाखवली. डेना नंतरच्या खेपांना तिथे वावरते तेव्हा ही दोघं तिथेच कुठेतरी लहान पोरं आहेत. तिला हे माहीत आहे. त्या दोघांना त्यांच्या पुढच्या आयुष्याची काहीच कल्पना नाही.

---

कोकमसरबत

जबरदस्त प्रतिसाद @पैलतीर. वाचनखूण साठवली.

---

चाफेकळी

मी ही अर्धवट सोडली होती. कारण रूफस. तो लहान असताना आपल्याला आवडतो ना! बापाचा मार खाणारा, डेनाला बिलगणारा पोरगा. तो थोडा थोडा सडत जातो आणि आपण प्रत्येक वेळी म्हणतो, जाऊ दे, अजून सुधारेल. डेना त्याला शिकवते, वाचून दाखवते, समजावते, आणि मीही तिच्याबरोबर त्याला माफ करत गेले. मग त्याने केव्हिनला लिहिलेली तिची पत्रं पाठवलीच नव्हती, पेटीत दडवून ठेवली होती, हे कळलं तेव्हा मला डेनाचा नाही, माझाच राग आला. तिथेच थांबले, पुढचं नुसतं चाळलं.

आता प्रश्न असा की लेखिकेने त्याला इतकं माणसासारखं का रंगवलं? सरळ राक्षस दाखवला असता तर काय बिघडलं असतं?

---

मध्यरात्र

@चाफेकळी, पत्रांच्या प्रसंगात सगळ्यात मोठी मेख पुढे आहे. रूफस पत्रं दाबून ठेवतो, पण त्याचा बाप, म्हातारा टॉम वेलिन, जो उठताबसता चाबूक चालवतो, तो केव्हिनला स्वतः पत्र लिहून कळवतो. का? तर मुलाने शब्द दिला होता आणि वेलिनांनी शब्द मोडायचा नाही! 'प्रेम' करणारा रूफस खोटं बोलतो, आणि निर्दय म्हातारा शब्द पाळतो. म्हातारा क्रूर आहे असंही धड नाही. त्याच्या काळाने जे रीतसर ठरवलंय ते तो करतो, न कमी न जास्त. राक्षस असता तर आपण म्हणालो असतो की तो माणूस वाईट होता. इथे ती पळवाट बंद होते.

आणि रूफस दोघींबद्दल म्हणतो की तुम्ही दोघी मिळून एकच बाई आहात. अ‍ॅलिस आणि डेना दिसायलाही सारख्या. एक रात्री हवी, एक बोलायला, वाचायला हवी. त्याला हे अगदी स्वाभाविक वाटतं. मला तो प्रसंग चाबकाच्या प्रसंगांपेक्षा जास्त झोंबला.

---

चाफेकळी

हो, आणि अ‍ॅलिस डेनाला जे टोमणे मारते! बाकीचे तुला गोऱ्यांची म्हणतात, म्हणून तोंडावर सुनावते. अ‍ॅलिसच्या बाजूने ही कादंबरी वाचली तर डेना फार वेगळी दिसते. शिकलेली, बाहेरची, कधीही निघून जाऊ शकणारी. अ‍ॅलिसला कुठे जायचं होतं? मुलं विकली असं खोटंच सांगून रूफसने तिला धडा शिकवायला बघितलं, आणि तिने गळफास घेतला. मुलं बाल्टिमोरला त्याच्या नातेवाइकांकडे होती.

पुन्हा हातात घेते आता.

---

टिचकी

अवांतर: डेना पुढे पुढे अंगाला पिशवी बांधूनच वावरते, कधी बोलावणं येईल नेम नाही म्हणून. त्यात सुरी, कपडे, अ‍ॅस्पिरिन, फाडून घेतलेला नकाशा. मी असतो तर मोबाइलचा चार्जर घेतला असता आणि तिथे जाऊन कपाळावर हात मारला असता.

पण तो नकाशाच तिला जड जातो हे आवडलं. रूफस तो तिला जाळायला लावतो, केव्हिनला पत्र पाठवण्याच्या बदल्यात. आणि सोबतच्या इतिहासाच्या पुस्तकात गुलामगिरी संपते असं वाचून त्याला ती चळवळ्यांची बकवास वाटते. भविष्यातला छापील पुरावा हातात आहे आणि माणूस म्हणतो खोटं आहे!

---

अण्णा_जुनेजाणते

मूळ लेख आणि पैलतीर यांचा प्रतिसाद दोन्ही उत्तम. एक आपल्याकडचा धागा जोडावासा वाटतो. जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये छापली तेव्हा ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली होती. तेराव्या घटनादुरुस्तीने तिकडची गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, म्हणजे जेमतेम आठ वर्षं झालेली. पुण्यात बसून एक माणूस मेरीलँड, व्हर्जिनियातल्या घडामोडी आपल्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीशी ताडून बघत होता. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली, नावासकट तिकडची प्रेरणा घेऊन. म्हणून अशी पुस्तकं मराठीत यायला हवीत असं वाटतं.

---

तर्कटपंजी

अण्णा, संदर्भ मोलाचे आहेत, पण जात आणि तिकडची गुलामगिरी या एकास एक गोष्टी नाहीत. माणूस बाजारात उभा करून विकणं आणि जन्माने पाणवठा नाकारणं यांची यंत्रणा वेगळी. एकाच्या चष्म्यातून दुसरं बघताना दोन्ही धूसर होतात.

---

अण्णा_जुनेजाणते

एकास एक आहेत असं मी म्हटलेलं नाही आणि जोतीरावांनाही फरक कळत होता. पण उंबरठा यांनी साराबद्दल जे लिहिलं आहे, की बाहेरून आलेला शिकलेला माणूस 'हे लोक बंड का करत नाहीत' असं विचारतो, तो प्रश्न आपल्याकडेही फार सहजपणे विचारला जातो. मला जवळचं वाटलं ते तेवढंच.

---

मध्यरात्र

अण्णांच्या शेवटच्या वाक्यावरून बटलरबद्दल थोडं लिहितो, कारण हे पुस्तक तिथूनच उगवलं आहे.

ती १९४७ ची, पॅसाडिनाची. वडील बूट पॉलिश करायचे, ते ती लहान असतानाच गेले. आई लोकांच्या घरी धुणंभांडी, साफसफाई करायची. लहानपणी ती आईबरोबर त्या घरांत मागच्या दाराने जायची, तिच्या देखत लोक आईला टाकून बोलायचे आणि आई ऐकून घ्यायची. पोरीला आईचीच लाज वाटायची. पुढे कॉलेजात असताना, साठच्या दशकातल्या चळवळीच्या भरात, एक काळा विद्यार्थी म्हणाला की आम्हाला इतकी वर्षं मागे ठेवणाऱ्या या म्हाताऱ्यांना मारून टाकावंसं वाटतं, पण सुरुवात माझ्याच आईबापांपासून करावी लागेल. त्याला काळ्यांचा इतिहास बटलरपेक्षा जास्त पाठ होता. पण तो त्याला अंगाने ठाऊक नव्हता, असं तिचं म्हणणं. ती त्या ऐकून घेण्यावर जेवली होती, वाढली होती. मग तिने ठरवलं की आजचं एक माणूस उचलून तिकडे टाकायचं आणि किती टिकतं ते बघायचं. आधी नायक पुरुष होता. पण असा ताठ मानेचा काळा पुरुष तिथे फार वेळ जिवंत राहणार नाही हे लक्षात आल्यावर बाई केली.

अभ्यासासाठी ती पैसे नसताना बसने मेरीलँडला गेली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवरही जाऊन आली. तिथले वाटाडे त्या वेळी 'गुलाम' हा शब्दच वापरत नसत, 'नोकर' म्हणत. पुस्तकाच्या शेवटी डेना-केव्हिन मेरीलँडला जाऊन जुनी कागदपत्रं, वर्तमानपत्रं शोधतात तो भाग वाचताना मला हे आठवत राहिलं.

आणि तो हात. तिला धडधाकट परत आणणं मला शक्यच नव्हतं, अशा अर्थाचं बटलर मुलाखतीत म्हणाली आहे. त्या अनुभवातून कुणी पुरतं परत येत नाही. हात कुठून तुटतो तेही बघा: रूफसच्या बोटांनी जिथे पकडला होता बरोबर तिथून, आणि उरलेला घराच्या भिंतीत. ४ जुलै १९७६, देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पूर्ण होतायत त्या दिवशी.

---

ईस्टर्न_शोअरवाली

नमस्कार मंडळी, मी बरीच वर्षं मेरीलँडमध्ये आहे, बाल्टिमोरच्या बाजूला. बहुतेक वेळा नुसती वाचत असते, पण या धाग्यावर राहवलं नाही.

ईस्टनला जायला चेसापीक बेचा पूल ओलांडावा लागतो. पलीकडे गेलं की जमीन एकदम सपाट. मका, सोयाबीनची शेतं, मध्येच पाणी, दलदल, पाइनची झाडी. लपायला जागा वाटते तेवढी नाही. डेना रात्री पळते आणि सकाळच्या आत सापडते, तो भाग हा प्रदेश बघितल्यावर जास्त पटतो. पाणी कुठे आडवं येईल सांगता येत नाही, आणि वाट दाखवायला कुणी नाही.

ईस्टनच्या कोर्टासमोरच्या हिरवळीवर फ्रेडरिक डग्लसचा पुतळा आहे, २०११ मध्ये बसवलेला. पण त्याच हिरवळीवर, त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून, यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या स्थानिक 'टॅल्बट बॉइज'चं स्मारक होतं. गुलामीतून पळालेला आणि गुलामी टिकावी म्हणून लढलेले, एकाच आवारात, काही पावलांवर! बऱ्याच वादानंतर आणि कोर्टकज्ज्यानंतर ते स्मारक मार्च २०२२ मध्ये हलवलं. डॉर्चेस्टर काउंटीत चर्च क्रीकजवळ हॅरिएट टबमनच्या नावाने २०१७ मध्ये केंद्र सुरू झालंय. कुणी इकडे आलात तर नक्की बघा, आणि डास चावतात, तयारीने या.

बाकी केव्हिनबद्दल कुणीच जास्त लिहिलं नाही. त्याची तिथली पाच वर्षं मला सगळ्यात अस्वस्थ करतात. डेनाला घरी जेमतेम आठवडा जातो, तेवढ्यात त्याची पाच वर्षं! तो उत्तरेकडे जातो, पळालेल्यांना लपवतो, एकदा जमावाच्या हातून मरता मरता वाचतो. परत आल्यावर त्याला स्वतःच्या घरातली शेगडी नीट वापरता येत नाही, टाइपरायटरवर वैतागतो, बोलण्यात तिकडचा हेल आलेला. डेना त्याच्याकडे बघते आणि क्षणभर तिला टॉम वेलिनचा चेहरा दिसतो. आपल्या देशी मित्रमंडळींत 'परत गेलो की जमेल का' ही चर्चा नेहमी चालते, पण हे त्याच्या पलीकडचं आहे.

---

उंबरठा

@ईस्टर्न_शोअरवाली, पुतळ्यांचं माहीत नव्हतं, आभार! आणि केव्हिनबद्दल सहमत. मला तर दोघांचं लग्नाआधीचं प्रकरणही महत्त्वाचं वाटतं. रोजंदारीवर कामं देणाऱ्या एका एजन्सीमार्फत डेना गोदामात कामाला जायची, आणि त्या एजन्सीला ती गमतीने 'गुलामांचा बाजार' म्हणायची. तिथे दोघं भेटतात. पुढे तो तिला म्हणतो, माझी हस्तलिखितं टाइप करून दे ना. ती नाही म्हणते, तो रुसतो. मग मेरीलँडमध्ये रूफस तिला आपली पत्रं लिहायला बसवतो. लेखिका कुठेही बोट ठेवून दाखवत नाही. आंतरवर्णीय लग्नांवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उठवली, म्हणजे या दोघांच्या लग्नाच्या काहीच वर्षं आधी. दोघांच्याही घरचे तोंड फिरवून बसलेले.

---

सुपारीखाऊ

मालिका आहे ना यावर? ती बघितली तर चालेल का?

---

मध्यरात्र

@सुपारीखाऊ, डिसेंबर २०२२ मध्ये आठ भाग आले आणि पुढच्याच महिन्यात गाशा गुंडाळला. गोष्ट अर्ध्यावरच लटकलीय. डेना २०१६ मध्ये आणलीय, आणि केव्हिन नवरा नाही, नुकताच भेटलेला माणूस. नवराबायको नसतील तर वर उंबरठा यांनी लिहिलेलं सगळंच जातं. त्यापेक्षा २०१७ चं चित्ररूप पुस्तक बघा, डफी आणि जेनिंग्ज यांचं. त्यात वर्तमानकाळ फिक्या रंगात आणि मळा गडद, भडक रंगात रंगवलाय. डेनाला पुढे पुढे घरापेक्षा तिकडचंच जास्त खरं वाटू लागतं, त्याला हे धरून आहे.

---

चिंचेचं_बोटूक

मुलगी चौदा वर्षांची आहे, इंग्रजी भरपूर वाचते, कालप्रवासाच्या गोष्टींचं वेड आहे. तिला देऊ का?

---

चाफेकळी

मी तरी नाही देणार एवढ्यात. बळजबरी, फटके, आणि पाचव्या भागात घरी परतण्यासाठी डेना मनगटं कापून घेते ते. मला या वयात झेपलं नाही.

---

ईस्टर्न_शोअरवाली

@चिंचेचं_बोटूक, इकडे हायस्कूलमध्ये बऱ्याच ठिकाणी ही शिकवतात, साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी. माझ्या मुलाला होती. पण वर्गात शिक्षक असतात, चर्चा होते. एकटीच्या हातात देऊ नका. आधी तुम्ही वाचा, निदान चौथ्या भागापर्यंत. मग दोघींनी मिळून वाचली तरी चालेल. अत्याचाराची वर्णनं चवीने केलेली नाहीत, बरीचशी दाराआडच राहतात, पण काय झालं ते स्पष्ट कळतं.

---

तर्कटपंजी

ग्रंथालयात नाही, किंडलवर घेतली. दोन भाग झाले. कालप्रवासाच्या तर्काबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, फक्त पडद्यांना आग लावणारं ते कारटं मलाही आवडायला लागलंय, आणि चाफेकळींचा प्रतिसाद वाचून हे चांगलं लक्षण नाही असं दिसतंय. तिसरा भाग संपला की येतो भांडायला.